घुबडसेनाचं कुलूप

रामटेकच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दिपाली आणि तिचा भाऊ रोशन हुज्जत घालत होते. मित्रांसोबत ते राजाराणीचा एक खेळ खेळत. गोष्ट रोशन रचायचा, बाकीचे त्यातली पात्रं व्हायचे; दिपाली राजकन्या व्हायची.

रोशन म्हणाला, "आजच्या खेळात घुबडसेन मरते. दुष्ट राणीचा पहारेकरी हाये तो."

"मंग कालच्या खेळात आमच्या कोठडीले त्यानं कुलूप काहून नाही लावलं?"

"विसरला असन."

"पहारेकरी कुलूप विसरते काय गा? राणीनं त्याले लहानाचं मोठं केलं, म्हणून तो तिले सोडत नाही. पण कोंडलेली माणसं त्याले पाहवत नाहीत."

"दिपे, खरं सांगू? कुलूप लावलं म्हणून सांगाचं मीच विसरलो होतो."

"तू विसरला. त्यानं मुद्दाम नाही लावलं."

"माझाच माणूस, अन् तू मले समजावून राहिली?"

"मंग मारशील त्याले?"

 रोशन एकदम घुबडसेनाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"राजकन्ये, हळू चाल. मी पण येतो तुमच्यासंगं."

दिपालीनं आनंदानं अशी किंकाळी मारली, की कंडक्टरनं बस थांबवायची घंटीच वाजवली.