रिकामी बैठक

पैठणच्या बसमध्ये सावनीच्या पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"वच्छलाबाई, बैठकीची खोली रिकामी केली म्हणं?"

"व्हय. सुनेला कराटेच्या सरावाला जागा नव्हती. सोफा, शोकेस, समदं देऊन टाकलं."

"अन् लग्नातली नाव घातलेली भांडी?"

"तीबी. तिचे सर म्हणतेत, हात उगं फिरवू नको, सरळ मार. मला लई पटलं ते. जन्मभर भांडीच पुसत बसले की मी."

"अन् आता?"

"आता सकाळी सुनेच्या मागं उभी राहते, तिच्यासारखी."

"या गुडघ्यांवर?"

"गुडघा नाय वाकत. मूठ तर वळती."

सीटांच्या फटीतून सावनीला दुसरीचा पिशवीवरचा हात मिटताना दिसला.

"वच्छलाबाई, अंगठा आत घ्यायचा का बाहेर?"