दारांच्या चिठ्ठ्या

सत्यशीला : गोधडी नको सोडू गं लगेच. आधी आत घे. गल्ली बघायलीय.

मंगल : बघू द्या गल्लीला. कपाटाची दोन्ही दारं आणली ना आक्का?

सत्यशीला : दोन्ही. खांदा निखळला माझा.

चंद्रभागाबाई : कोण गं ते? सत्यशीला? मला दिसायलंय ते खरं हाय का?

सत्यशीला : खरं हाय आत्या. थोरली सून हाय तुमची. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच आलीय. कुंकू लावायचं का हाकलायचं, ते ठरवा.

चंद्रभागाबाई : बस बाई. हाकलायचं म्हणलं तर उठावं लागतंय. गुडघे कुठं हायत माझे तेवढे?

मंगल : बसायला येळ न्हाई. आक्का, हे आमचं दार खालून धरा, मी स्क्रू काढते. निघंना झालाय मेला.

सत्यशीला : पेचकस दे इकडं. तू धर दार. पोरगी कशी हाय?

मंगल : बरी हाय म्हणतेत. आज सोडलंय दवाखान्यातून. हे तिला घेऊन निघतेत बीडहून. पोटात लई गेलं न्हाई म्हणले डॉक्टर. पण आक्का, ओठ कसे झाल्ते तिचे! फवारणीचं औषध ते. ह्या खालच्या कप्प्यातच होतं. दार कधी मिटलंच न्हाई ह्या कपाटाचं.

सत्यशीला : राहू दे आता. कुठंय ते औषध?

मंगल : उकिरड्याच्या पल्याड खड्डा करून पुरलं. पण फिनेल हाय, सोडा हाय, आत्याच्या गोळ्या हायत. ह्यांनी सांगितलंय, कपाट लागल्याबिगर राजनंदिनीला ह्या घरात आणत न्हाई. मामाकडं ठेवतो, कडा गावाला. शाळंत जायजोगी झाली की आणू म्हणले.

सत्यशीला : शाळंत? अगं, लेकराला चड्डी घालता येईना अजून.

मंगल : तेच तर! ती माझ्याबिगर झोपत न्हाई आक्का. दवाखान्यात बसूसुद्धा दिलं न्हाई मला. म्हणले, घरी जा, आधी दार बसीव.

चंद्रभागाबाई : मी म्हणलं, वर ठेव सगळं, पत्र्याखालच्या फळीवर.

मंगल : चढती आत्या ती. स्टूल ओढून चढती.

सत्यशीला : मग पेटीत घालून कुलूप लावायचं.

मंगल : म्हणलं की मी. तर म्हणले, त्या दिवसाच्या आधीबी तू हेच म्हणायचीस, ठेवते, ठेवते. म्हणायचेच मी. आता त्यांचा भरवसा माझ्यावर न्हाई राहिला. दारावर हाय.

सत्यशीला : सुतार?

मंगल : अजिनाथ सुतार लग्नाला गेलाय मेव्हण्याच्या. हळद उतरल्याबिगर याचा न्हाई. म्हणून तर तुमाला हाक मारली कुडावरून. मला म्हायीत हाय, तुमचे मालक घरी असते तर तुमी आला नसता.

सत्यशीला : केजला गेलेत ते. सोड आता, हे दुसरंबी निघालं. लई हलकं हाय गं हे.

मंगल : हलकं हाय आन अरुंदबी हाय. तुमच्या कपाटाच्या खोक्याचं दार हे. आमचं खोकं रुंद, त्याला हे कसं पुरावं? मधी ही एवढी फट. सासऱ्यांनी जोडी बनवून घेतली हौसंनं, एक कपाट रुंद, एक अरुंद, आन पंचांनी बघा काय केलं.

चंद्रभागाबाई : पंचांनी न्हाई. माझ्या दोन दिवट्यांनी. रुंद दारावर मोर कोरलेले होते ना. दोघांलाबी मोर पाहिजे. आडून बसले. मग पंच म्हणले, खोक्यांच्या चिठ्ठ्या येगळ्या टाका, दारांच्या येगळ्या. कुणाचं मन दुखायला नको. मी म्हणलं, अरे, शर्ट एकाला आन बाह्या एकाला, असं कुठं असतंय का? तर थोरला त्रिंबक म्हणला, आई, तू गप बस, न्याय चाललाय.

सत्यशीला : झाला न्याय.

मंगल : आत्या, सरका जरा. आक्का, आता आपले मोर लावू. सोडा गोधडी.

सत्यशीला : मंगल...

मंगल : सोडा की. उशीर व्हायलाय. द्या, मीच... आक्का, हे काय?

चंद्रभागाबाई : काय झालं गं?

मंगल : मोराला शेपटी न्हाई. आत्या, मोराला शेपटीच न्हाई! दार कापलंय हे. दोन्ही कापलेत.

सत्यशीला : आमच्या खोक्यात मावंना तवा कापलं ह्यांनी. करवत आणली आन उभं कापलं, एका बाजूनं. मी गेलते पाण्याला. आले तर शेपट्या चुलीत होत्या. त्या दिवशी आंघोळीचं पाणी लई कडक तापल्तं.

मंगल : तुमाला म्हायीत होतं?

सत्यशीला : व्हय.

मंगल : म्हायीत होतं, तरी एवढी दोन धुडं खांद्यावर घेऊन आलाव? कावून?

सत्यशीला : तू हाक मारलीस म्हणून.

मंगल : आता मी काय करू? आता कुठं जाऊ मी?

सत्यशीला : रडू नको. रडायला रात हाय सगळी. तुझ्या जुन्या दारापेक्षा हे बोटभर तरी रुंद भरतंय, दारावर दार चढावं म्हणून ठेवलंय ह्यांनी. लावून तर बघू. पुठ्ठा हाय का? बिजागरीच्या मागं पुठ्ठा घातला की दार मधी सरकतंय.

चंद्रभागाबाई : माझ्या गोळ्यांचं खोकं फाडा.

सत्यशीला : द्या. दुहेरी घडी कर मंगल. आता काडेपेटीच्या काड्या दे. भोकं सैल झालीत, काड्या कोंबल्या की स्क्रू धरतोय. हां. धर. वर उचल जरासं. अजून. बस.

मंगल : लाव आता दुसरं.

चंद्रभागाबाई : थोरलीला अगंतुगं करायलीस.

मंगल : चुकलं आक्का.

सत्यशीला : म्हण, म्हण. पेचकस हातात असला की कोण थोरलं असतंय? वरचा स्क्रू पीळ. मिटून बघ हळू.

मंगल : आलं! जवळ आलं! अजून एक घडी घाला.

सत्यशीला : अजून घातली तर बिजागरीच उखडल. बघ, हात जातोय का मधून?

मंगल : न्हाई जात.

सत्यशीला : माझाबी न्हाई जात.

मंगल : तिचा जातोय आक्का.

सत्यशीला : राजनंदिनीचा?

मंगल : तिचा सरळ जातोय. मनगटापर्यंत.

(फोन वाजतो.)

चंद्रभागाबाई : हालो. बोल रे भागवत. व्हय, मीच. स्टँडवर हायेस? पोरगी काय करायलीय? बिस्कूट खायलीय म्हणं. दार? लागलं की दार. झ्याक लागलं. ये तू.

सत्यशीला : आत्या!

चंद्रभागाबाई : गप गं. येऊ दे एकदा घरात.

मंगल : आणा तो फोन इकडं. हालो... न्हाई लागलं. आत्या लबाड बोलल्या, माझ्यासाठी. न्हाई, सगळं करून बघितलं. फट हाय. तिचा हात जातोय आत... मी न्हाई म्हणत न्हाई... ऐका ना... आक्का, कड्याची गाडी लागलीय म्हणतेत. बसू का म्हणून इचारायलेत.

सत्यशीला : तू काय म्हणतीस?

मंगल : मी काय म्हणू? मला तोंड हाय का काही म्हणायला?

सत्यशीला : दे फोन. हालो, भाऊजी, मी सत्यशीला. व्हय, थोरली. तुमच्याच घरात उभी हाय, दचकू नका. ह्या कपाटाचं तुमी म्हणता ते खरं हाय, ते लागत न्हाई. पण माझं लागतंय. कापलेल्या दारांचंच हाय, म्हणून बरोबर लागतंय. मोराची जोडी आत्ता काढून नेते परत आन लावते. पोरगी माझ्याकडं राहील. तिची आईबी राहील, आत्याबी. सुतार येऊन तुमची नवीन दारं करून देईस्तोवर... मालकांचं मी बघते. दारं कापताना मला इचारलं न्हाई त्यांनी, आता मी न्हाई इचारत. बसू नका कड्याच्या गाडीत... बरं. बरं. टोपडं घाला तिला, वारं लागल खिडकीचं.

मंगल : काय म्हणले?

सत्यशीला : कड्याच्या न्हाई, आपल्या नांदूरघाटच्या गाडीला उभा राहतो म्हणले. घे पेचकस, मोर काढू.

चंद्रभागाबाई : त्रिंबक घर डोक्यावर घील बाई.

सत्यशीला : घेऊ द्या. कवाच्या काळापासून त्या घरात आवाजच न्हाई कशाचा.

मंगल : आक्का, कसे उपकार...

सत्यशीला : उपकार राहू दे. चल आधी माझ्याकडं. माझ्या घरात सगळं खालीच असतंय गं. इळा चुलीपशी, रॉकेल दाराआड, सुया उशापशी. कोणतं लेकरू हात लावणार होतं? चल, आन मला सांग, काय काय वर ठेवाया लागतंय.