येते म्हटलं होतं

—तो निळा तंबू राहू द्या हो, त्याची चेन मध्येच अडकते, आणि एकदा अडकली की आतला आत नि बाहेरचा बाहेर. हा हिरवा घ्या. चौघांचा आहे — म्हणजे पिशवीवर तसं लिहिलंय, प्रत्यक्षात तिघं झोपतात आणि चौथा रात्रभर कुरकुरतो. खुंट्या बघून घ्या, आणि कृपा करून दगडाने ठोकू नका, हातोडी देते ना मी, तरी लोक दगडच शोधत फिरतात, काय मजा वाटते कोण जाणे. तळ्याच्या अगदी काठाला लावू नका, पहाटे ओल येते. काय म्हणालात? मावशी? नाही, मावशी नाहीये. गावाला गेलीय. कुठल्या म्हणजे — आता असतात एकेकाचे नातेवाईक. त्यामुळे चित्रांचा खडक बघायला सध्या कोणी नेत नाही आणि संध्याकाळी शेकोटी आहे, पण गोष्ट नाही. गाणी लावते मी मोबाइलवर.

थांबा, थांबा — तुम्हाला मावशी कशी ठाऊक? मागच्या वर्षी आला होतात? अगं बाई! तुमच्याबरोबर ती छोटी होती, खडकापुढे उभी राहून 'आलो' म्हणायला लाजत होती, तीच ना? मावशीचं ते पक्कं असतं. खडक तिच्या लोकांचा, आपण कोणी इथे यायच्या कितीतरी आधीपासून तिची माणसं ह्या डोंगरात राहतात, तेव्हा नियमही तिचेच. आधी सगळ्यांनी मोठ्याने 'आलो' म्हणायचं, मग चित्रं बघायची. न सांगता कुणाच्या घरात शिरता का तुम्ही, असं विचारते. एक साहेब म्हणाले, दगडाला काय सांगायचं? तर त्यांना तिथेच झाडाखाली बसवून ठेवलंन आणि बाकीच्यांना घेऊन गेली.

विचारायची हो ती तुमच्याबद्दल. खरंच. निघताना तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय? 'येतो हं मावशी.' म्हणालात की नाही? सगळेच म्हणतात. आपल्यात 'जातो' म्हणवतच नाही, जीभच रेटत नाही. मी लहानपणी एकदा 'जाते गं' म्हणून शाळेला निघाले तर आईने फाटकातून परत बोलावलं, पुन्हा घरात घेतलं, येते म्हण आणि मग नीघ, म्हणाली. आता मावशीच्या भाषेत ही भानगड नाही. येतो म्हणजे येतो. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली की ही मला विचारणार, कधी येणार ते? मी म्हणायचे, अगं, बोलायची पद्धत असते ती, कुणी येत-बित नाही. तर म्हणे, मग म्हणतात कशाला? घ्या! आता ह्याला काय उत्तर द्यायचं? हा किस्सा मी शेकोटीपाशी रंगवून सांगायचे, हशा पिकायचा, लोक हसतात म्हणून तीही हसायची. म्हणजे बघा, मला माहीत नव्हतं असं मला म्हणायची सोय नाही. चांगलं माहीत होतं.

आणि तुम्ही खरोखर आलात. तुम्ही पहिलेच.

नाही गेलीय ती गावाला. कशाला खोटं बोलायचं तुमच्याशी — म्हणजे बोललेच आहे, सगळ्यांशीच तेच बोलतेय. वर घरी आहे ती. आजारी आहे. मंगळवारी तिचा भाचा सांगत आला — आपली जीप चालवतो ना, तोच — की मावशी उठत नाही. गेले मी लगेच. लगेच गेले हं, तेवढं तरी खरं आहे. पाय सुजलेले, छाती भात्यासारखी वरखाली. माझा हात धरून ठेवलान. म्हणाली, खडकाकडे कोणी गेलं का गं, आलो म्हणाले का? मी म्हटलं, तू बरी हो आधी. थोडी बसले, पांघरूण सारखं केलं, आणि उठताना — काय म्हटलं असेल मी? 'येते हं मावशी.' तिच्यापाशी! जगात दुसऱ्या कुणाजवळ म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गेले, खाली दवाखान्यात न्या म्हणाले. भाच्याने जीपमध्ये गादी घातली. आणि ही उठायला तयार नाही! म्हणे, बाई येते म्हणालीय, मी गेले तर ती येईल आणि घर रिकामं. पोरगा हसत हसत सांगत होता मला, त्याला वाटलं मी तशीच चपला घालीन. मी म्हटलं, संध्याकाळी येते. संध्याकाळी ती शाळेची बस आली. मग त्या रात्रीच्या वाऱ्याने तंबू आडवे झाले, मग गॅसच्या टाक्या आल्या नाहीत... कारणं काय, शोधली की मिळतात. खरं सांगू? एक दिवस उशीर झाला तर माणूस कान धरून जातं, चुकले बाई म्हणतं. पण पुढे पुढे तेवढं तोंडच राहत नाही. काल भाचा येताना दिसला तर मी आत जाऊन स्लीपिंग बॅगांच्या ढिगामागे उभी राहिले. ह्या वयात! नाकात धूळ जाऊन शिंक येत होती, ती दाबून. लाज वाटते मला सांगायला, पण तुम्ही आलात ना, म्हणून सांगते. आज सकाळी मात्र त्याने खिडकीशी गाठलंच. मावशी विचारतेय, बाई निघाली का. मी काय म्हणाले? ही गर्दी आटोपली की येते. पुन्हा तेच!

असं बघताय काय इकडेतिकडे? गर्दी कुठाय म्हणता? नाहीये. तुमच्याशिवाय कोणी नाही इथे.

जाईन हो, समजतं मला. वर जाऊन नुसतं 'आले' म्हणायचंय, की ती उठेल, जीपमध्ये बसेल. एवढंच काम आहे. पण ती विचारेल ना, का नाही आलीस? रागावणार नाही, नुसतं विचारेल. आणि मी काय सांगू, बसचं? गॅसच्या टाक्यांचं? तुम्हीच सांगा, तुम्ही तर — एक मिनिट. जीप आली वाटतं. ह्या वेळेला कशी? अहो, पुढच्या सीटवर कोण आहे ते?

काय रे? तिला कशाला आणलंस असं बसवून? ... कोण म्हणालं? ... स्वतः उठली?

ऐकलंत हा काय म्हणतोय? ती म्हणते, बाई येते म्हणाली आणि आली नाही. म्हणजे बाईलाच काहीतरी झालंय. मला उठवा, मला तिच्याकडे न्या. रस्ताभर विचारत होती, बाईजवळ कोणी आहे का, पाणी द्यायला कोणी आहे का. — अहो, तुम्ही जरा — तुम्ही बाहेर जाऊन तिला सांगता का, की मला ताप होता? पडून होते म्हणा. नाही, नको. नको, थांबा. तुम्ही तंबू घ्या आणि जा बघू, जा ना, उभे काय राहिलात!

अगं मावशी, उतरू नकोस! धर रे तिला, दुसऱ्या बाजूने धर. बस, ह्या खुर्चीत बस. कपाळ काय बघतेस माझं? ताप नाहीये गं. पडले नाही, कुठे लागलं नाही. कोणी गेलंही नाही घरातलं. मावशी, मला काही झालेलं नाही. मी बरी होते. मी इथेच होते.