केवलरामची पाचवी नोकरी

सन चौतीसची गोष्ट. गोंदिया स्टेशनावर तिकिटाच्या रांगेत सुंदरबाईच्या पुढे दोघे उभे होते. केशोराव बहिऱ्या केवलरामच्या कानाशी ओरडत होता, त्यामुळे सुंदरबाईला सगळं आपसूक ऐकू येत होतं.

“चौथी नोकरी काऊन गेली?”

“मालक ‘पोतं बांध’ म्हने, मले ‘सांड’ ऐकू आलं.”

“आता आमगावच्या राईस मिलमधी चाल. मुकादम हाताच्या इशाऱ्यानं काम सांगन. मी बोललो त्याच्यासंग.”

“मंग जागा खाली काऊन हाय?”

“सेठ दिवसभर शिव्या देते. मानूस आठ दिवसांत पळून जाते.”

“मी टिकीन!”

“म्हनून तं तुले नेऊन राहिलो.”

“अन् त्यानं शाबासकी देल्ली अन् मले ऐकू नाई आली तं?”

“तसं अजून कोनासंग झालं नाई.”