बिनटाक्याचं ठिगळ

शिंपीणबाईंच्या हातातल्या चिंधीतलं भोक अगदी गोल कापलेलं होतं; दोन सेंटिमीटरपेक्षा जरा कमीच. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या शिक्षिकेने पुस्तक मिटलं आणि शेजारी बसलेल्या त्या बाई व त्यांच्या भावजयीच्या बोलण्याकडे कान दिला.

"वन्सं, डॉक्टरांच्या टेबलावरची ही नमुन्याची जाळीची चकती तुमच्याकडे कशी?"

"बोलता बोलता हातात आली. माझ्या हृदयातल्या भोकात अशीच बसवणार ना? म्हणून चिंधीला रिपोर्टातल्या मापाचं भोक पाडलंय."

"अहो, चोरी झाली ही."

"परत देणारे. ही बघ, चिंधीच्या भोकात बसवली: एक चकती इकडून, एक तिकडून, मधे बारीक कंबर. टाका एकसुद्धा नाही."

"मांडीतून नळीने नेतात, छाती उघडत नाहीत. पुढे तिच्यावर आपलीच कातडी धरते म्हणाले."

"चाळीस वर्षं शिवतेय, बिनटाक्याचं ठिगळ टिकलेलं पाहिलं नाही. ओढ."

"निघत नाही."

"जेवली नाहीस का? भिंतीला पाय लाव."

"हसवू नका, लोक बघतायत. तुम्हालाच धाप लागली बघा."

"सहा वर्षं लागतेय. दे इकडे. नख तुटलं गं माझं, ही जागची हलत नाही."

"मग? आताही तारीख पुढे ढकलायची?"

शिंपीणबाई उठून नोंदणीच्या खिडकीपाशी गेल्या.

"सिस्टर, ही तुमची चकती. आणि सोमवारी माझं नाव लिहा, मी भोक बुजवून घेणार आहे."