गळ्यातलं काढून ठेवा

माझं माहेर मुरुमचं. घरात कानडी, दुकानात मराठी, आन आमच्या आईला, अव्वाला, राग आला की दोनी मिळून. आमचं भांड्याचं दुकान व्हतं बाजारात, तिथं गल्ल्यावर बसूनच म्या बी.कॉम. केलं, गिऱ्हाईक आलं की पुस्तक पालथं घालायचं, गेलं की उलटून पुन्हा वाचायचं. मग माकणीला दिलं मला. सासर शेतकऱ्याचं, धरणाच्या अंगाला रान, माणसं चांगली, पण सून कागद घेऊन बसली की सासूबाईंना वाटायचं हिला आज काम कमी पडलं. काय सांगू तुम्हाला, लग्नानंतर कितीतरी वर्षं म्या वाचलं ते किराण्याच्या पुड्याचं कागद.

मग भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली, सोयाबीन-तूर घ्यायची, चाळायची, मोठ्या गिऱ्हाइकाला घालायची. तिथं म्या काट्यावर लागले. मालाचा ओलावा बघायचा, वजन घ्यायचं. लोकं भांडायची, वहिनी तुमचं मशीन चुकतंय म्हणायची, म्या म्हणायची, दादा, मशीन माझ्या माहेरचं न्हाय, त्याला कुणाची बाजू न्हाय. भांडायला म्या कमी न्हाय, हे आमच्या मालकांना, नवऱ्याला, विचारा. बसवराज नाव त्यांचं. तेच म्हणाले, मॅनेजरची जागा निघंल तवा एमबीए मागतील, तुझ्यात दम हाय तर कर. कॉलेजला कुठं जाणार, पोरं बारकी, म्हणून ऑनलाइन धरलं.

रेंज फक्त माळवदावर, पाण्याच्या टाकीजवळ. तिथं बसून दोन वर्षं शिकले. मामा, म्हंजे माझे सासरे, म्हणायचे सूनबाई रोज फोनाला नमस्कार घालती. गावाला तर गंमतच झाली, घरपोच डिग्री म्हणायची, गॅसच्या टाकीवानी. सरकारी मान्यता हाय म्हणलं तर हसायची. म्या मनात म्हणायची, हसा, निकाल लागू द्या.

आता शेवटची परीक्षा ऐका. ती बी घरीच, पण कॅमेऱ्यापुढं. दार लावायचं, खोलीत कुणी न्हाय पायजे, मान वळली तरी तिकडून टोकतेत. मालक दाराबाहेर खाट टाकून बसले, मांजरालासुद्धा आत येऊ दिलं न्हाय. दिराचा लॅपटॉप, नेट माळवदावर ठेवलेल्या फोनाचं, पेपर सुरू झाला, म्या लिहायला लागले, आन पडद्यावर अक्षरं आली, गळ्यातली वस्तू काढून बाजूला ठेवा. मला वाटलं मंगळसूत्र. मग तिकडला माणूस हिंदीत बोलला, वो डिब्बी, काले धागेवाली, निकालिए.

आम्ही लिंगायत, ती डबी म्हंजे आमचं इष्टलिंग हो. चांदीच्या डबीत असतंय, दोऱ्यात, दीक्षा झाल्यापासून अंगावरच. पूजेला डाव्या तळहातावर घेतो, पण गळ्यातून उतरवत न्हाय, परक्याला दाखवत बी न्हाय. त्याला वाटलं आत कायतरी मशीन हाय, कानात उत्तरं सांगायचं. म्या म्हणलं, सर, वो भगवान है, निकलता नहीं. तो म्हणाला, नियम सगळ्याला एक, न्हायतर पेपर बंद. वर घड्याळ चाललंय, दाराबाहेर मालकांचं खोकणं ऐकू येतंय आन हाक मारता येत न्हाय, हाक मारली की गेला पेपर. शेवटी म्या म्हणलं, बंद करा पेपर, पण हे निघायचं न्हाय. वाटलं तर बघून घ्या. आन डबी उघडली, दोरा गळ्यात तसाच, लिंग डाव्या हातावर घेतलं आन कॅमेऱ्यापुढं धरलं. लई रडू आलं मला, परीक्षेसाठी न्हाय. त्यानं बघितलं. मग म्हणाला, लिखिए.

लिहिलं, पण निकाल राखून ठेवला, चौकशी चालू हाय म्हणून. तेवढ्यात मॅनेजरची जागा निघाली. अन्न गोड लागंना. मुलाखतीच्या आदल्या दिवशी निकाल सुटला, पास.

मुलाखतीला म्या फाईल नेली व्हती. त्यात माझा अभ्यास, आपण तूर सुगीतच का विकतो आन कधी विकायला पायजे. मधी बसलेले आमचे अध्यक्ष, अण्णा, म्हातारं माणूस, त्यांनी पहिलंच विचारलं, घरी पुस्तक, घरी परीक्षा, बघायला कोण व्हतं? म्या म्हणलं, आता सांगतेच, आन परीक्षा किती कडक असती ते कळावं म्हणून ही सगळी हकीकत सांगितली. अण्णांचा हात आपसूक छातीवर गेला, त्यांच्या बी गळ्यात लिंग हाय. एकदम कानडीत गेले, म्हणाले, उतरवलंस? म्या बी कानडीतच म्हणलं, उतरवलं न्हाय अण्णा, पेपर सोडायला तयार झाले. अण्णांचे डोळे भरले. मराठीत बाकीच्यांना म्हणाले, पुढं काय विचारायचं न्हाय. फाईल मांडीवर तशीच राहिली.

माझ्यामागून वाशीचा संतोष आत गेला, धनगराचा पोरगा, माझ्याच बॅचचा, मार्क माझ्यापेक्षा जास्त. त्याला बी तेच विचारलं, घरी बघायला कोण व्हतं. तो म्हणाला, कॅमेरा. हसले म्हणं सगळे. बाहेर आला तवा माझ्याकडं बघून म्हणाला, ताई, तुम्ही काय सांगितलं? मला सांगवंना हो. त्यानं गळ्यातलं काय काढून दाखवायचं व्हतं?

आता दीड वर्ष झालं मॅनेजर हाय. अण्णा येईल त्याला सांगतेत, पेपर सोडला पण लिंग उतरवलं न्हाय, असल्या बाईच्या हाती गोदाम दिलंय. लोकं हात जोडतेत. मला बरं बी वाटतंय आन राग बी येतोय, कारण नोकरी लिंगानं दिली, डिग्रीला कुणी हात लावून बघितलं न्हाय. देवाला म्या असं साक्षीला न्यायला नको व्हतं असं कधी कधी वाटतंय, पण नेलं नसतं तर म्या बी संतोषच्या मागं बाहेर उभी असते.

आता हाताखाली एक माणूस घ्यायचाय. म्या संतोषला फोन केला, आधी नगं म्हणाला, तिथं हसतेत म्हणाला. लई समजावलं तवा हो म्हणाला. सोमवारी येतोय. अण्णा बी बसणार हायत, आन ते काय विचारणार ते मला पाठ हाय. म्हणून म्या आधीच सांगून ठेवलंय, अण्णा, पहिला प्रश्न माझा. फाईल काढून ठेवली हाय. त्याला विचारणार, सांग बाबा, तूर कधी विकायची.

सकाळी पूजेला बसले की आता तेवढंच मागते, महादेवा, त्याला उत्तर येऊ दे, आन अण्णांना ऐकू येऊ दे.