एकोणीस देश आणि चौघांच्या बॅगा

मला एक सांगा, अनुभवी प्रवासी म्हणजे नक्की कोण हो? नाही, खरंच सांगा, कारण परवाच्या रविवारी या एका प्रश्नावरून आमच्या मुलुंडच्या घरात जो काही गोंधळ झाला... ऐन एप्रिलात पंखा बंद, चहा गार, हॉलभर रांगोळी फिसकटलेली, आणि चार माणसांपैकी तीन माणसं माझ्याशी बोलेनात! चौथी मी. म्हणजे घरात शांतताच की!

तर या चौघांपैकी मुख्य कोण, तर आमच्या इरावतीवन्सं. ह्यांची मोठी बहीण, राहतात घाटकोपरला, पण आमच्या घरचं सगळं तिथूनच ठरतं. त्या, त्यांचे यजमान बाळराव, आमचे हे म्हणजे देवदत्त, आणि मी. सव्वीस वर्षांत एकोणीस देश पाहिलेत आम्ही, थट्टा नाही! वन्संच्या फ्रिजच्या दारावर एकोणीस मॅग्नेट आहेत, आणि पाहुणा आला की त्या पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडतात तो इतका सावकाश, इतका सावकाश, की बिचाऱ्याचं सगळं वाचून झालं पाहिजे. त्याने विचारलंच, 'अरे वा, इतके देश?' की वन्सं म्हणणार, 'आता आपण काय नवखे आहोत का? अनुभवी माणसं आपण!'

अनुभवी माणसं! आता हा अनुभव कसला, तो ऐका. सगळे देश ग्रुप टूरने. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये! पुढे झेंडा घेतलेला टूर मॅनेजर, मागे आम्ही चाळीस जण, आणि तो ओरडतोय, 'चला चला, वीस मिनिटं, फोटो काढा, बाथरूम उजव्या हाताला!' झाला देश. आणा मॅग्नेट. आणि बस थांबली रे थांबली की वन्सं वळून मला म्हणणार, 'शुभा, तू बस हं बॅगांपाशी, आम्ही पटकन बघून येतो.'

तुम्ही म्हणाल, बॅगा तर बसच्या पोटात असतात. अहो, मोठ्या! पण हातातल्या? पाठीवरच्या? खाऊची, खरेदीची, औषधांची, चार जॅकेटं, बाळरावांची मानेला लावायची उशी... ते सगळं घेऊन चढणार कोण? पहिल्या टूरला माझा पाय मुरगळला होता म्हणून मी बसले. पाय चार दिवसांत बरा झाला. बसणं सव्वीस वर्षं चाललंय!

बरं, मीही कधी बोलले नाही हो. माझं शिक्षण दहावी, वन्सं बी.ए., त्यात त्या मोठ्या, त्यात आमच्या ह्यांचं, 'जाऊ दे ना शुभा, ताईला कुठे नाराज करतेस...' मग बसायचं.

तर दोन आठवड्यांपूर्वी मी भाजी घेऊन येत होते. आमच्या नवघर रोडवर ट्रॅव्हलचं एक लहानसं ऑफिस आहे, त्याच्या काचेवर नवीन चित्र लावलं होतं. निळाशार समुद्र, त्यात एक एवढंसं जहाज, आणि कठड्याशी उभी असलेली एक बाई. माझ्याच वयाची. आणि तुम्हाला सांगते, तिच्या हातात काही नव्हतं. काही म्हणजे काही नाही! पर्ससुद्धा नाही! दोन्ही हात आपले कठड्यावर ठेवलेले, मोकळे. मी मेथीची जुडी धरून दहा मिनिटं त्या बाईकडे बघत उभी... शेवटी आतून एक मुलगी बाहेर आली. स्वरदा तिचं नाव. गोड मुलगी. म्हणाली, 'मावशी, आत या ना, ऊन लागेल.'

आत गेले. ती सांगायला लागली, 'क्रोएशियाचा किनारा, मावशी. छोटं जहाज, फक्त अडतीस माणसं, आठ दिवस. कसिनो नाही, नाचगाणी नाहीत. बेटाशी थांबतं, वाटलं तर उतरा, वाटलं तर पोहा, नाहीतर नुसत्या बसा. पण मावशी, आमची कंपनी म्हणते की हे अनुभवी प्रवाशांना जास्त आवडतं.' म्हटलं, झालं काम! अनुभवी म्हटल्यावर वन्सं नाही कशाला म्हणतील? इथेच माझं चुकलं. वन्सं रविवारी आल्या त्याच चौकशी समिती होऊन!

स्वरदाला मी घरीच बोलावलं होतं. बिचारी फाईल उघडून बसली, आणि वन्संनी चष्मा लावला. 'किती देश होतात?' ती म्हणाली, 'एक.' 'आठ दिवसांत एक??' 'हो, मावशी.' 'आणि टूर मॅनेजर?' 'नसतो.' 'मग सकाळी उठवतं कोण?' 'कुणीच नाही, जाग येईल तेव्हा उठायचं.' वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना एखाद्या आश्रमात भरती करायला निघालेय. 'आणि दिवसभर करायचं काय?' 'काही नाही, मावशी, तेच तर... समुद्र बघायचा.' 'समुद्र?' वन्सं म्हणाल्या, 'अगं, समुद्र तर आपल्या मुंबईत मढलासुद्धा आहे!' बाळरावांचा प्रश्न एकच होता, तो त्यांनी एकोणीस देशांत विचारलाय, 'चहा आपल्यासारखा मिळतो का?'

आणि आमचे हे! हे नोकरीत ड्राफ्ट्समन होते, निवृत्त झाले तरी पट्टी काही सुटली नाही. म्हणाले, 'केबिन किती बाय किती?' ती म्हणाली, 'साधारण अकरा बाय बारा.' 'साधारण नको,' हे म्हणाले, 'आपण बघूच ना प्रत्यक्ष.' आणि उठून देवघरातून माझा रांगोळीचा डबा आणला! सोफा सरकवला, मोजायची टेप लावली आणि हॉलमध्ये अख्खी केबिन काढली हो, खाटा, बाथरूम, खिडकी, कपाट! रांगोळी उडेल म्हणून पंखा बंद. आणि म्हणाले, 'आता सगळ्यांनी आत या. दार इकडून आहे.'

तुम्हाला हसू येतंय, पण आम्ही गेलो! साठी उलटलेली तीन माणसं आणि मी, घाम पुसत रांगोळीच्या जहाजात उभे! बाळराव भिंतीतून आत आले म्हणून ह्यांनी त्यांना परत बाहेर पाठवलं. वन्सं म्हणाल्या, 'दत्तू, मी बाथरूममध्ये उभी आहे का रे?' हे म्हणाले, 'कपाटात आहेस, ताई.' स्वरदा कोपऱ्यात तोंडाला फाईल लावून बसलेली. ती बिचारी सांगायचा प्रयत्न करत होती, 'काका, एका केबिनमध्ये दोघंच असतात...' ऐकतंय कोण? 'छे छे,' वन्सं म्हणाल्या, 'कोंडल्यासारखं होतंय. इतक्याशा खोलीत आठ दिवस? आपण अनुभवी माणसं, आपल्याला नाही हे जमायचं.'

इतकीशी! माझं माहेर लालबागचं. वडील गिरणीत. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ माणसं राहिलो, दिवाळीला गावचे पाहुणे वेगळे! कुणाला कोंडल्यासारखं झालं नाही. पण तेव्हाही मी आपली रांगोळीवर पाय पडू नये म्हणून बघत राहिले.

मग वन्सं म्हणाल्या, 'आणि बॅगा? नऊ बॅगा ठेवायच्या कुठे या तुझ्या जहाजात?' तर स्वरदा म्हणाली, 'मावशी, बॅगा पहिल्या दिवशी उघडायच्या, कपडे कपाटात लावायचे आणि बॅगा खाटेखाली. आठ दिवस हात लावायचा नाही. हॉटेल बदलायचं नसतं ना.'

मी म्हटलं, 'थांब. म्हणजे बॅगांपाशी कुणाला बसायला लागत नाही?'

'कशाला बसायचं, मावशी? केबिनला कुलूप असतं.'

अहो, कुलूप! सव्वीस वर्षं मी जे काम केलं ते एक कुलूप करतं! माझ्या डोळ्यांसमोर सगळं फिरायला लागलं. आयफेल टॉवर, मी खाली. रोमला चर्चमध्ये इतक्या बॅगा नेऊ देत नाहीत, मी बाहेर. इस्तंबूलला तर एक पोलीस आला, खुणेने विचारतो, या बॅगा कुणाच्या? म्हटलं, सगळ्यांच्या! तो माझ्याकडे बोट दाखवून विचारायला लागला, तुम्ही कुणाच्या? काय सांगू त्याला?

आणि नेमकं तेव्हाच वन्सं हसून स्वरदाला म्हणाल्या, 'हे बघ बाळा, नुसतं बसून राहायचा आम्हाला अनुभव नाही गं.'

झालं! मी त्या रांगोळीच्या केबिनमध्ये, दोन खाटांच्या मध्ये उभी राहून म्हटलं, 'वन्सं, तुम्हाला नाही, मला आहे! एकोणीस देशांत बसलेय मी! तुम्ही पॅरिसचं काय पाहिलंत सांगा. टॉवर, आणि खालची गर्दी. मी एक म्हातारा पाहिला, त्याने बाकावर बसून संत्रं सोललं, अर्धं खाल्लं, अर्धं रुमालात बांधलं, आणि एक बाई आली तिला ते दिलं, दोघं एक शब्द बोलली नाहीत. पाऊण तास पाहिलं मी! स्वित्झर्लंडला तुम्ही बर्फ पाहिलात, मी खाली स्टेशनात एका पोरीला पहिल्यांदा तिकिटं तपासताना पाहिलं, एकाच माणसाचं तिकीट तिने तीनदा तपासलं! हे जहाज कुणासाठी आहे म्हणता? अनुभवी माणसांसाठी ना? मग या घरात अनुभवी एकच आहे, आणि ती मी!'

असं मी बोलले. मी! आवाज माझाच होता का, असं मलाच वाटलं. बाळराव भिंतीवर उभे राहिले, ह्यांनी त्यांना टोकलंसुद्धा नाही.

वन्सं म्हणाल्या, 'बरं, मत घेऊ.' आमच्याकडे नेहमी मत घेतात, आणि नेहमी वन्संच निवडून येतात! 'नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा.' वन्संचा वर. बाळरावांचा वर. आणि आमच्या ह्यांचा हात... स्कूटरवर बसून वळायला दाखवतात ना, तसा! धड वर नाही, धड खाली नाही!

मी म्हटलं, 'तुमची मतं तुमच्यापाशी ठेवा. मी जातेय. एक केबिन, माझ्या नावावर.' स्वरदा हळूच म्हणाली, 'मावशी, एकटीला थोडे जास्त पडतात...' म्हटलं, 'पडू देत! लालबागची खोली विकली तेव्हा पाच भावंडांत माझ्या वाट्याला आले ते पैसे बँकेत पडून आहेत. आईच्या खोलीतून केबिनमध्ये जाईन, आहे काय नि नाही काय!'

वन्संचा शेवटचा प्रयत्न. 'एकटी? अगं, तुला इंग्रजीतले फॉर्म तरी भरता येतात का?' म्हटलं, 'वन्सं, विमान उतरायच्या आधी तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा तुमचा फॉर्म कोण भरतं? चौघांचे पासपोर्ट नंबर पाठ आहेत मला. म्हणून दाखवू? तुमचा झेड, चार, शून्य, सात...' 'हळू गं, हळू!' वन्सं म्हणाल्या, 'ती परकी पोर ऐकतेय!' आणि त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

मी पंखा लावला. पाचावर! भिंती उडाल्या, कपाट उडालं, ह्यांची खिडकी थेट टीव्हीखाली गेली. हे म्हणाले, 'अगं, माप घेतलेलं नव्हतं मी अजून लिहून!' म्हटलं, 'मला नको माप, मला मावतं!'

वन्सं चपला घालून निघाल्या. बाळराव मागोमाग. ह्यांनी केर काढला. मी खुर्चीत बसले, हात मोकळे सोडून, अगदी त्या चित्रातल्या बाईसारखी. वाटलं, जिंकलो बाई. आता आठ दिवस आपण, आपला समुद्र, आणि कुणीही मागे वळून काही सांगणारं नाही...

पण तुम्ही आमच्या वन्संना ओळखत नाही. एखादी गोष्ट दुसऱ्याला मिळाली आणि आपल्याला नाही, हे त्यांनी एकोणीस देशांत कुठे होऊ दिलं नाही, ते नवघर रोडवर होऊ देतील? आणि मी तरी काय करणार? जहाज काही माझ्या मालकीचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी त्या ऑफिसात पोचले, तर वन्सं घाटकोपरहून येऊन दहापासूनच तिथे बसल्या होत्या, आणि स्वरदाकडे चौघांचा ग्रुप डिस्काउंट मागत होत्या.